चांदीची पट्टी आणि पावणेपाचची गाडी

हुपरीचे कल्लाप्पा आण्णा तीन वर्षं माझ्याकडं येत होते आणि तीन वर्षांत त्यांनी माझ्याकडं घोटभर पाणी घेतलं नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण त्याचा राग मी तीन वर्षं पोटात ठेवला होता. राग ठेवण्यात मला चांगली गती आहे, घरचे कुणीही सांगतील.

मी प्रसेनजीत. कोल्हापूरच्या शाहूपुरीत, एस.टी. स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. चौदा मशीन, दिवसभर खडखडाट. १९९३ साली माझी धाकटी बहीण दीप्ती मुंबईहून ऑक्युपेशनल थेरपीची पदवी घेऊन परत आली. आमचे वडील कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात होते. ते भेटेल त्याला सांगायचे, पोरगी डॉक्टर झाली. आणि ती भेटेल त्याला सांगत हिंडायची, मी डॉक्टर नाही. जागा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून तिनं माझ्या माडीचा मागचा अर्धा भाग मागितला आणि मी तो दिला. दिला म्हणजे, मी विचार करतो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर मधे पडदा लागलेला होता.

पडद्याच्या अलीकडं माझी पोरं सरकारी परीक्षेसाठी बोटं बडवायची. पलीकडं तिची पोरं. कुणाला पेन्सिल धरता येत नसे, कुणाला सदऱ्याचं बटण लागत नसे, कुणाचा घास तोंडापर्यंत पोचेस्तोवर निम्मा सांडत असे. अशा पोरांना रोजची कामं आपली आपण जमतील इथवर आणायचं, हा दीप्तीचा उद्योग. त्यात सुई नाही, बाटली नाही, गोळी नाही. पालक बाहेर पडताना माझ्या टेबलाशी थांबत आणि हळू आवाजात विचारत, मास्तर, बाई खरं औषध कधी चालू करणार? पहिल्या वर्षी मी समजावून सांगायचो. पुढं पुढं 'बघू, पावसाळा संपू दे' म्हणायला लागलो.

आण्णा आले ते १९९५ च्या सप्टेंबरात. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, कपाळावर चढवलेला जाड भिंगांचा चष्मा. बोटं जाडजूड आणि भाजल्याच्या डागांनी भरलेली. एका खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात झाकणाचा पितळी तांब्या. दुसऱ्या कडेवर सात वर्षांची नात रूपाली. ती चालू शकत होती, उजवा पाय जरासा ओढायची एवढंच, पण आण्णा तिला जिन्यावरनं उचलून आणायचे. दोन्ही पायांत पैंजण, त्यामुळं ती दोघं खालच्या पायरीवर असतानाच कळायचं. तिचा उजवा हात मात्र छातीशी दुमडलेला, मनगट खाली मुडपलेलं, अंगठा मुठीत दडलेला. जन्मताना श्वास उशिरा घेतला, तेवढ्यात मेंदूला इजा झाली आणि ती बाजू कमजोर राहिली.

"पावणं," आण्णा मला म्हणाले, "हात दुरुस्त करत्यात ते हितंच न्हवं?"

घड्याळ दुरुस्तीला टाकायला आल्यासारखा सूर. मी म्हटलं, टायपिंगचे हात इकडं, बाकीचे पडद्यामागं. मग पाहुणा म्हणून त्यांच्यापुढं पाण्याचा पेला ठेवला. त्यांनी मान हलवली, नको म्हणाले, आपल्या तांब्याचं झाकण काढलं आणि त्यातलं प्यायले. आपण गाळलेलं पाणी पितो, असं सांगितलं. जैन मंडळी पाणी गाळून पितात हे मला माहीत होतं. पण माझ्या डोक्यावर भिंतीला बाबासाहेबांचा फोटो होता, आणि पाणी गाळलेलं नाही म्हणून नको की पाणी आमचं आहे म्हणून नको, हे काही मला ठरवता येईना. विचारावं तर आपणच लहान होतो. तेव्हा मी तो पेला उचलून आत ठेवला आणि रागही आतच ठेवला.

त्यांचं दुसरं खूळ म्हणजे पावणेपाचची गाडी. आण्णा दिवस मावळला की अन्नाला शिवत नसत, पाणीही पीत नसत. बाहेरचं काही खात नसत. त्यामुळं पावणेपाचच्या एस.टी.नं हुपरीला पोचायचं, हातपाय धुवायचे आणि उजेड आहे तोवर जेवायचं, हा नेम. ती गाडी चुकली तर पुढची अंधार करून पोचणार, म्हणजे त्या रात्री उपास. सव्वाचार वाजले की आण्णा पडद्यातून डोकं घालून दीप्तीला वेळ सांगत. साडेचारला नातीला उचलून, व्यायामासाठी काढलेले पैंजण तिच्या पायांत चढवून, जिना उतरलेले असत. साठ वर्षांत एकदाही ती गाडी चुकली नाही, असं ते अभिमानानं सांगायचे. साठ वर्षांपूर्वी एस.टी.च नव्हती हे मी त्यांना सांगितलं नाही.

दीप्तीनं रूपालीचा हात तपासला आणि तिच्या मनगटासाठी एक पट्टी केली. तळहातापासून कोपराच्या अलीकडपर्यंत आधार देणारी, मनगट सरळ ठेवणारी. दिवसातून काही तास आणि झोपताना ती घालायची, नाहीतर वाढत्या वयात मनगट मुडपलेलं ते तसंच आखडून जाणार. मुंबईहून मागवलेला प्लॅस्टिकचा पत्रा संपला होता म्हणून तिनं ती प्लॅस्टरची केली होती. आण्णांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, पट्टी उजेडाला धरली, उलटी केली, सुलटी केली. तीन पिढ्या चांदीचे पैंजण घडवणाऱ्या घरातला माणूस तो.

"ह्ये काय काम म्हनायचं व्हय, बाई?" ते म्हणाले. "कडा बघा की ह्याच्या. लेकराला टोचंल."

दीप्ती सहसा कुणाचं ऐकून घेत नाही. पण कडा खरंच खडबडीत होत्या. मग आण्णांनीच नमुना मागितला. दीप्तीनं रूपालीचा हात कागदावर ठेवून भोवतीनं रेघ मारली, कुठं वाकवायचं, कुठं अंगठा बाहेर काढायचा ते दाखवलं. कागद माझा, टायपिंगचा, जाड प्रतीचा. तोही त्यांनी घडी घालून नेला.

आठवड्यानं आण्णा आले आणि माझ्या टेबलावर त्यांनी गुलाबी पातळ कागदाचं पुडकं उघडलं. आत पट्टी होती. चांदीची. अकरा तोळ्यांची. काठानं वेलबुट्टी, मनगटापाशी मोर, आणि कोपराकडच्या बाजूला घुंगरांची एक ओळ. माझी चौदाच्या चौदा मशीन थांबली.

मला वाटलं, आता दीप्तीचा स्फोट होणार. तिनं ती सरळ रूपालीच्या हाताला लावली. अशी बसली की मधे कागदही शिरला नसता. मनगट सरळ, अंगठा बाहेर. मुंबईत साडेचार वर्षं शिकून मला अशी बसवता आली नाही, असं ती नंतर मला म्हणाली. तिची चूक एवढीच झाली की त्या वेळी तिनं तोंड भरून कौतुक केलं. मग रोज किती वेळ घालायची ते आण्णांना तीन वेळा सांगितलं आणि आण्णांनी तीन वेळा मान डोलावली.

दोन महिने गेले. दर गुरुवारी रूपाली झगमगत यायची. हात मात्र आखडतच चालला. दीप्ती रोज जेवताना त्या मनगटाविषयी बोलायची, इतकं की आमची आई एकदा म्हणाली, त्या पोरीचं मनगट ताटात वाढू का आता? दीप्तीला वाटत होतं, आपल्याच मापात चूक आहे. मला तसं वाटत नव्हतं. वापर म्हणजे काय हे टायपिंगवाल्याला बरोबर कळतं. माझ्या मशीनवर ज्या बटणांवर जास्त बोट पडतं त्यांवरची अक्षरं पुसलेली असतात. त्या चांदीवर एक चरा नव्हता. मी दीप्तीला म्हटलं, ही रोजच्या वापरातली वस्तू नव्हे, ही कपाटातली वस्तू आहे.

रविवारी आम्ही दोघं न कळवता हुपरीला गेलो. आण्णांच्या घरात, पुढच्या सोप्यात सगळं घर कामाला बसलं होतं. मुलगा तार ओढत होता, सून कड्या जोडत होती, शेजारच्या दोघी घुंगरं अडकवत होत्या. रूपाली एकटी झोपाळ्यावर. कुणी तिला हलवून जायचं, कुणी तिच्या तोंडात शेंगदाण्याचा लाडू द्यायचं. हात मुडपलेला मांडीवर, त्याच्यावर पट्टी नाही.

आम्हाला बघून आण्णांची पत्नी विजयमालाकाकी लगबगीनं आत गेल्या. कमरेची किल्ली काढून त्यांनी लोखंडी कपाट उघडलं, गुलाबी कागद सोडला आणि डॉक्टरीण आली म्हणून पोरीच्या हाताला पट्टी चढवली. दीप्तीनं विचारलं, ही एरवी कपाटात असते का? काकींना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. दोन लग्नांना घातली होती, एका बारशाला घातली होती, दिवाळीत मंदिराला जाताना घातली होती, आणि दर गुरुवारी कोल्हापूरला जाताना तर घालतच होतो की, असं त्यांनी सांगितलं. अकरा तोळ्यांची वस्तू रोज घालून झिजवायची, हा विचारच त्यांना पटण्यासारखा नव्हता. पोरीनं झोपेत घातली आणि मोराची मान वाकली तर?

पुढचं सुनेनं सांगितलं. कर्नाटक सीमेपलीकडच्या पाव्हण्यांच्या बायकांनी लग्नात ती पट्टी बघितली आणि आपापल्या धडधाकट पोरींसाठी तसलीच मागितली. तीन मागण्या आल्या होत्या. दोन पट्ट्या सोप्याच्या कोपऱ्यात निम्म्या घडून पडल्या होत्या, एकीवर मोराऐवजी हत्ती. आण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते छताकडं बघायला लागले.

मला हसू आवरेना. दीप्ती हसली नाही.

"आण्णा, दागिना कपाटात ऱ्हायला तरी दागिनाच ऱ्हातोय," ती म्हणाली. आमच्या घरची बोली तिच्या तोंडी रागातच येते. "तुम्ही पोरीचा हात कपाटात घालून ठेवलाय."

मग दीप्ती झोपाळ्यावर रूपालीच्या शेजारी जाऊन बसली आणि तिनं तिला विचारलं, तुला काय यायला पाहिजे? या हातानं काय करायचंय तुला? मला आठवतं, त्या पोरीनं आधी आजीकडं बघितलं, मग आजोबांकडं, कारण तिच्यासाठीची उत्तरं आजवर तेच देत आले होते. मग ती म्हणाली, पैंजण. माझं मला घालायचंय.

साऱ्या मुलखाचे पैंजण त्या गावात होतात. पाच वर्षांची पोरसुद्धा तिथं पायातला आकडा कडीत सहज अडकवते. शाळेत खेळाच्या तासाला मुली पैंजण काढून ठेवत आणि तास संपला की घालत. रूपाली पाय पसरून बसून राहायची आणि मुली विचारायच्या, तुझ्या आज्जाला बोलवू? एका हातानं कडी धरायची आणि दुसऱ्या हातानं आकडा घालायचा, त्याला दोन हात लागतात.

आण्णा म्हणाले, मी हाय की घालायला.

"तू म्हातारा झालायस," रूपाली म्हणाली.

दीप्तीनं निघताना आण्णांना बजावलं. जी बघून कुणाला जपून ठेवावीशी वाटणार नाही अशी पट्टी करा. ॲल्युमिनियमची करा. नाहीतर गुरुवारी येऊ नका.

तीन पिढ्यांत त्या घराच्या ऐरणीवर चांदीशिवाय काही चढलं नव्हतं. तिथं जाऊन भांड्याचा पत्रा ठोका म्हणून सांगणं म्हणजे काय, ते दीप्तीला परतीच्या गाडीत उमगलं. आण्णा तीन गुरुवार आले नाहीत. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण गुरुवारी तीन वाजले की माझं लक्ष जिन्याकडं जायचं, पैंजण वाजतात का बघायला, आणि मी स्वतःवरच चिडायचो.

चौथ्या गुरुवारी वाजले. आण्णांनी पिशवीतून पुडकं काढलं. कागद गुलाबीच, सवय कुठं जाते. आत ॲल्युमिनियमची पट्टी, साधी, नक्षी नाही, घुंगरू नाही, कडा मात्र गालावरून फिरवल्या तरी कळू नयेत अशा गुळगुळीत. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून ती त्यांनी घरामागच्या परड्यात, म्हशीच्या गोठ्यात बसून ठोकली होती. नवा पत्रा आणायला दुकानात जायची लाज वाटली म्हणून घरातला जुना डबा कापला होता. मी पट्टी उलटून बघितली तर आतल्या बाजूला ठिपक्या ठिपक्यांची अक्षरं होती, 'माला यांस सप्रे', पुढचंमागचं कापलं गेलेलं. काकींच्या लग्नातला आहेर होता तो डबा. काकी आठ दिवस आण्णांशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी पट्टी स्वतः उचलून नातीच्या हाताला बांधली. डबा तर गेलाच, आता निदान घाल तरी, असं त्यांचं म्हणणं पडलं.

पट्टी रोज वापरात आली आणि मनगट हळूहळू ऐकायला लागलं. पण पैंजणाचा आकडा काही साधेना. आण्णांना नातीची धडपड बघवत नसे. माणूस कारागीर, त्यांनी आकडाच बदलला. बोटानं दाबला की आपोआप बसणारा, एका हातानं लागणारा, असा सुरेख फासा घडवून आणला. रूपालीनं डाव्या हातानं तो क्षणात लावला आणि उजवा हात आरामात मांडीवर ठेवला. दीप्तीनं तो पैंजण काढून घेऊन टेबलाच्या खणात टाकला. आण्णांनी दुसरी युक्ती आणली, तीही खणात गेली. तिसरीही गेली. मोठी झाली आणि गरज पडली तर हे सगळं परत देईन, आत्ता उजव्या हाताला सुट्टी नाही, असं दीप्तीचं म्हणणं. तिनं आणखी एक फर्मान काढलं. नात काम करत असताना आण्णांनी हात पाठीमागं बांधून उभं राहायचं. ते राहायचे. पण त्यांचं सगळं अंग पुढं झुकलेलं असायचं.

या लढाईत माझाही एक वाटा आहे आणि तो मी सोडणार नाही. मुठीतला अंगठा बाहेर यावा म्हणून मी रूपालीला एक जुनं मराठी मशीन दिलं, आणि उजव्या अंगठ्यानं फक्त खालची लांब दांडी दाबायची असं ठरलं. ती दांडी दाबली की कागदावर काही उमटत नाही, नुसती जागा सुटते. ओळ संपली की घंटी वाजते. त्या घंटीसाठी पोरगी तासभर अंगठा आपटायची. पान संपलं की ते काढून सगळ्यांना दाखवायची, आणि माझे विद्यार्थी त्या कोऱ्या कागदाकडं बघून म्हणायचे, एकही चूक नाही. आण्णा ते कोरे कागद घडी घालून घरी न्यायचे. एक मी ठेवून घेतला आहे.

नंतरचं मी जरा आधीच सांगतो. बाकीच्या पोरांच्या पट्ट्या बघून आण्णांना राहवलं नाही. प्रत्येकाच्या कडा ते बोट फिरवून तपासायचे आणि तोंड वाकडं करायचे. मग कागदावरचे नमुने पिशवीतून हुपरीला जायला लागले. कुणाची मनगटाची पट्टी, कुणाच्या चमच्याला जाड मूठ, कुणाच्या पेन्सिलीला कडं. गोठ्यातलं काम सोप्यात आलं, आणि गावातले लोक मोडक्या किटल्या, झाकणं आणून द्यायला लागले. २००२ साली माझी मशीन बंद पडली. पोरं कॉम्प्युटरच्या क्लासला पळाली आणि मी पडदा काढून टाकला. खिडकीखाली जिथं माझं टेबल होतं तिथं आण्णा गुरुवारी दिवसभर बसायचे, २००६ पर्यंत, नजर चालली तोवर. नव्या पालकांना वाटायचं, हेच मोठे डॉक्टर. तेही कुणाला 'नव्हे' म्हणत नसत.

पण मला सांगायचा आहे तो १९९८ च्या डिसेंबरातला गुरुवार.

दहा वर्षांची रूपाली व्यायाम संपवून पडद्याच्या अलीकडं, माझ्या टेबलापुढं फरशीवर बसली होती. पैंजण शेजारी काढून ठेवलेले, जुन्या आकड्याचेच. सव्वाचार झाले होते. आण्णा रोजच्यासारखे पैंजण चढवायला वाकले तेव्हा तिनं त्यांचा हात बाजूला केला. आज मी, म्हणाली.

आण्णांनी घड्याळाकडं बघितलं. मग दीप्तीकडं. मग हात पाठीमागं बांधले.

तिनं उजव्या हातानं कडी धरली. कडी सुटली. पुन्हा धरली, अंगठा आत पळाला. तिनं डाव्या हातानं तो बाहेर ओढला आणि परत कडीवर ठेवला. माझ्या टायपिंगच्या पोरांनी, कुणी न सांगता, हात थांबवले. साडेचार झाले. खाली रस्त्यावरून हुपरीला जाणारी दोन माणसं आण्णांना हाका मारून स्टँडकडं गेली. दोन पायऱ्या उतरून 'आलोच' म्हणायला हवं होतं. आण्णा हलले नाहीत.

"आण्णा, गाडी," मी कानाशी म्हटलं.

"जाऊ दे गाडी," ते म्हणाले.

पावणेपाच झाले आणि गेले. पाचला पाच कमी असताना डाव्या पायाचा आकडा कडीत गेला. आवाजसुद्धा आला नाही. मी सुटलो एकदाचा म्हणून उठलो, तर पोरीनं दुसरा पैंजण उचलला. दुसरा पाय आहेच की माणसाला, हे आम्ही विसरलो होतो. आणि हा उजवा, ओढणारा, त्याच्यापर्यंत हात नीट पोचतसुद्धा नव्हता.

तो पाऊण तास मी विसरणार नाही. एकदा ती रडली. एकदा तिनं पैंजण भिंतीवर फेकला आणि आण्णांनी तो आणून दिला, पायात न घालता, हातात. खिडकीतलं ऊन फरशीवरनं भिंतीवर चढलं. मला राहवेना. मी डब्यातली दोन केळी काढून आण्णांपुढं धरली, म्हटलं, अजून दिवस आहे, खाऊन घ्या, नाहीतर उपाशी झोपाल. त्यांनी मान न वळवता मला गप्प राहायची खूण केली. परत नाहीच म्हणाला की हा माणूस, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू, अशा वेळीही आलं.

पावणेसहाच्या सुमारास दुसरा आकडा बसला. रूपाली उठली, माडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सगळे पैंजणच ऐकत होते. दीप्ती रडली. मीही रडलो. आण्णांनी टॉवेलनं तोंड पुसलं आणि खिडकीतून बाहेर बघितलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर हातभर ऊन शिल्लक होतं. त्यांनी आपला पितळी तांब्या उलटा केला. रिकामा होता.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमच्या माठात पाणी हाय न्हवं?"

मी उठेपर्यंत दीप्तीनंच माठातलं पाणी आणलं. आण्णांनी खांद्यावरचा टॉवेल बाजूला ठेवून पिशवीतून एक स्वच्छ पांढरा रुमाल काढला, त्याची दुहेरी घडी केली आणि आपल्या तांब्यावर धरायला लावली, दोन टोकं रूपालीच्या हातात, दोन माझ्या. मग वरून पाणी ओतलं. तिच्या उजव्या हातातलं टोक थरथरत होतं, पण सुटलं नाही.

ते गटागटा प्याले. मग माझी केळी खाल्ली, दोन्हीच्या दोन्ही, आणि गूळ आहे का विचारलं. मी त्यांना म्हटलं, तीन वर्षांत कधी मागितलं नाहीत. ते म्हणाले, तुम्ही पुन्हा दिलं कुठं? पहिल्या दिवशी एक पेला ठेवला तो उचलून नेलात, मला वाटलं, मास्तरला राग आलाय. फडकं तर रोज पिशवीत हुतं.

पहिल्यांदा पाणी नको कशासाठी होतं, ते मी तेव्हाही विचारलं नाही. गच्चीवरचं ऊन गेलं. आण्णांनी रुमाल पिळून माझ्या खिडकीच्या गजावर वाळत घातला, पुढच्या गुरुवारी लागंल म्हणाले, आणि साडेसहाच्या गाडीसाठी जिना उतरले. रूपाली त्यांच्या पुढं, चालत.